रिपोर्टमध्ये आहे, कामाला नाही

न्यूट्रोफिलबरोबर काम करायचं तर आधी तिची घाई मान्य करावी लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये निम्म्याहून अधिक संख्या हिचीच. आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते आणि तितक्याच पेशींची शरीर गाजावाजा न करता विल्हेवाट लावतं. शरीराबाहेर काढलेली पेशी तर काही तासांचीच सोबती. गोठवून ठेवावी तर वितळताना फुटते. उद्या बघू म्हटलं, तर उद्या बघण्यासारखं काही उरत नाही.

पुण्यातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी ह्या पेशींमधल्या एन्झाइम्सवर काम करण्यात गेली. आमचा प्रश्न सांगायला सोपा होता. दाह शमवणारी प्रथिनं आपल्या शरीरात मुबलक असतात, मग काही माणसांचा दाह वर्षानुवर्षं धुमसत का राहतो? उत्तर शोधताना शास्त्र शिकले ते शोधनिबंधांत छापून आलं. विचार करण्याच्या आणि हात चालवण्याच्या ज्या सवयी लागल्या, त्यांना तिथे जागा नसते. म्हणून हे लिहिते आहे.

रक्त देणारे बहुतेक आम्हीच. सकाळी कुणीतरी बाही वर करून बसायचं, बाकीच्यांनी चहा सोडून कामाला लागायचं. आर्ने बॉयुम ह्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दिलेली पद्धत आजही जगभर वापरतात. फायकॉलच्या द्रावणावर रक्ताचा थर अलगद सोडायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि तळाशी लाल पेशींत मिसळून बसलेल्या न्यूट्रोफिल वेगळ्या काढायच्या. उरल्यासुरल्या लाल पेशी फोडायला अर्धा मिनिट नुसतं पाणी, की लगेच खारं द्रावण. नळी जोरात हलवली, काचेची बाटली वापरली, पाण्यात जिवाणूंच्या आवरणाचा कणभर अंश असला, तरी ह्या पेशी प्रयोगाआधीच चिडून बसतात. मग जे मोजलं जातं ते आपल्याच धसमुसळेपणाचं फळ असतं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यामुळे गुरुवारी रक्त काढायचं नाही हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. नव्याने आलेल्या मुलांना मी पहिले काही आठवडे फक्त पेशी वेगळ्या करायला लावायची. ती कंटाळायची. पण ज्याला न्यूट्रोफिल न चिडवता हाताळता आली, त्याचे पुढचे आकडे मी डोळे झाकून मान्य करायची.

ह्या पेशीच्या पोटात बारीक कण असतात आणि त्यांत एन्झाइम भरलेली असतात. इलास्टेज, प्रोटीनेज-३ आणि कॅथेप्सिन-जी ही तिघं प्रथिनं कापणारी. मायलोपेरॉक्सिडेज हे चौथं, ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मिठातला क्लोराइड घेऊन ब्लीचिंगच्या पाण्यात असतं तेच हायपोक्लोरस आम्ल बनवतं. जिवाणू गिळल्यावर पेशी हा सगळा ऐवज त्याच्यावर रिकामा करते. काही मात्र बाहेर सांडतं. कणाच्या आत इलास्टेजची तीव्रता साधारण ५ मिलिमोलर असते. रक्तद्रवात त्याला आवरणारं मुख्य प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, आणि त्याची तीव्रता त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे कण फुटल्या क्षणी, फुटल्या जागी, एन्झाइमचाच वरचष्मा असतो. जरा दूर पसरलं की अँटिट्रिप्सिन त्याला गाठतं. सगळं आरोग्य ह्या चिमूटभर अंतरात आणि क्षणभर वेळात सांभाळलं जातं.

अँटिट्रिप्सिन ज्या रीतीने इलास्टेजला धरतं ती उंदराच्या सापळ्याची रीत आहे. त्याचा एक वळसा आमिषासारखा बाहेर आलेला असतो. इलास्टेज तो कापायला जातं आणि कापताक्षणी वळसा आत खेचला जाऊन एन्झाइम दुसऱ्या टोकाला फेकलं जातं, मोडतं, तिथेच अडकतं. सापळा एकदाच चालतो. एका रेणूने एक रेणू संपवायचा आणि स्वतःही संपायचं.

पाठ्यपुस्तकात ह्या प्रथिनाची गोष्ट स्वीडनपासून सुरू होते. १९६३ मध्ये माल्मो इथे कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तद्रवाच्या सुमारे १५०० पट्ट्या तपासत होते. त्यांतल्या ५ पट्ट्यांवर एक रेघ दिसत नव्हती. तरुण डॉक्टर स्टेन एरिक्सन यांनी त्या माणसांचा माग काढला आणि तिघांना फुप्फुसाचा विकार निघाला. प्रथिन नाही म्हणून इलास्टेज मोकाट, म्हणून फुप्फुस खंगलं, असा हिशेब जुळला. स्वीडनमध्ये साधारण १६०० बाळांमागे एकाला ही आनुवंशिक कमतरता असते. अमेरिकेत १९८७ पासून हे प्रथिन शिरेतून द्यायला सुरुवात झाली.

मीही हीच गोष्ट डोक्यात घेऊन कामाला लागले होते. पण आमच्यासमोर आलेली माणसं स्वीडनमधली नव्हती. एका सरकारी रुग्णालयाच्या छातीच्या ओपीडीतून आम्हाला नमुने यायचे. बहुतेकांना ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका रुंदावून सैल पडलेल्या, त्यांत कफ साचलेला. पाश्चात्त्य देशांत ह्याची कारणं निराळी दिसतात, आपल्याकडे मोठा वाटा जुन्या टीबीचा. २०१९ मध्ये भारतातल्या २१९५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, तीत ३५.५ टक्के लोकांना हा आजार टीबीनंतर जडलेला होता. आमच्याकडे येणाऱ्यांत ऊसतोडीवर गेलेल्या बाया होत्या, रिक्षावाले होते, गिरणगावातून पुण्याला मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा होते. त्यांच्या रक्तातलं अँटिट्रिप्सिन तपासलं तर ते भरपूर. कित्येकांत नेहमीपेक्षा जास्तच, कारण दाह असला की यकृत हे प्रथिन जादा बनवतं. ज्या कमतरतेच्या शोधात मी निघाले होते, ती रिपोर्टात कुठेच नव्हती.

मग आम्ही कफाकडे वळलो, आणि माझं काम खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं.

कफ हाताळणं ही पेशी वेगळ्या करण्याहून अवघड विद्या आहे. लोकांना नाक मुरडावंसं वाटतं हा त्यातला किरकोळ भाग. खरी अडचण अशी, की डबीत पडला तरी आतलं काम थांबत नाही, एन्झाइम कापतच राहतात. ओपीडीतून प्रयोगशाळेपर्यंत रिक्षाने यायला लागणारा वेळ सुद्धा निकाल बदलू शकतो. म्हणून नमुना लगेच बर्फावर ठेवायचा आणि दोन भाग करायचे. एका भागात एन्झाइम कायमचं बंद पाडणारं रसायन घालायचं, म्हणजे प्रथिनं आहेत त्या स्थितीत राहतात. दुसरा तसाच ठेवायचा, कारण त्यात एन्झाइमची ताकद मोजायची असते. चिकट कफ सैल करायला सगळीकडे डायथायोथ्रेइटॉल वापरतात, पण आम्ही ते टाळत असू. एसएलपीआय नावाचं दाह शमवणारं एक छोटं प्रथिन आठ गंधकी बंधांवर उभं असतं. ते रसायन घातलं की बंध सुटतात, आणि मग मोजता मोजताच आपण त्याला मारलेलं असतं.

इलास्टेजची ताकद मोजायची चाचणी दिसायला देखणी आहे. चार अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, तिच्या टोकाला नायट्रोॲनिलिन. एन्झाइमने तोडलं की द्रावण पिवळं होतं आणि यंत्र ४०५ नॅनोमीटरवर तो पिवळेपणा वाचतं. निरोगी माणसाच्या नमुन्यात काही घडत नाही. ह्या रुग्णांच्या नमुन्यात बघता बघता पिवळं व्हायचं. आणि त्याच नमुन्यात एलायझा किट सांगायचं, अँटिट्रिप्सिन पुष्कळ आहे.

दोन्ही आकडे खरे होते. किटमधली प्रतिपिंडं प्रथिनाचा आकार ओळखतात, ते कामाचं आहे की नाही हे त्यांना कळत नाही. जेलवर पट्टे पाडल्यावर चित्र उलगडलं. अखंड अँटिट्रिप्सिन ५२ किलोडाल्टनच्या आसपास बसायला हवं. तिथे पट्टा फिका होता. त्याच्या जरा खाली, कापलं गेलेल्या प्रथिनाच्या जागी, ठसठशीत पट्टा. वर एन्झाइमला धरून संपलेल्या रेणूंचा आणखी एक. किटने ह्या तिघांची बेरीज करून आम्हाला एक समाधानकारक आकडा दिला होता.

तो पट्टा बघितल्यापासून मी आकडा आधी वाचायचं सोडून दिलं. आधी विचारायचं, हे मोजलं कशाने आणि त्या मोजमापाला नेमकं काय दिसतं? पिवळ्या रंगाची चाचणीही ह्याला अपवाद नाही. अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं मोठं प्रथिन इलास्टेजला वेढून टाकतं, पण आतलं इलास्टेज छोटी साखळी कापू शकतंच. म्हणजे शरीराच्या दृष्टीने अडकलेलं एन्झाइम आमच्या चाचणीला मोकळं दिसतं.

आणखी एक गोष्ट रुग्णांच्या डबीनेच शिकवली. एक मावशी यायच्या. त्या स्वतःच सांगायच्या, "मॅडम, आज हिरवा आलाय, म्हंजे दोन दिवसांत ताप भरणार." त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. कफाला तो हिरवा रंग येतो मायलोपेरॉक्सिडेजमुळे. ते एन्झाइमच हिरवं असतं. आणि हेच एन्झाइम जे हायपोक्लोरस आम्ल बनवतं, ते अँटिट्रिप्सिनच्या सापळ्यातल्या ३५८ क्रमांकाच्या मेथिओनिनवर प्राणवायू चढवतं. एवढ्या एका बदलाने इलास्टेजला धरण्याचा वेग जवळजवळ २००० पटींनी मंदावतो. सिगारेटचा धूरही तेच करतो. मावशी डोळ्यांनी जे वाचत होत्या, ते वाचायला आम्हाला यंत्रं लागत होती. त्यानंतर आमच्या नोंदवहीत कफाच्या रंगाचा रकाना आला आणि तो कुणी रिकामा सोडला तर मी रागवायची.

एकदा हे दिसल्यावर बाकीच्या प्रथिनांतही तीच तऱ्हा दिसू लागली. ॲनेक्सिन-ए१ घ्या. स्टेरॉइड दिल्यावर दाह उतरतो त्यात ह्या प्रथिनाचा वाटा आहे. न्यूट्रोफिलमध्ये ते भरपूर असतं, पेशीबाहेर येऊन नव्या न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही. अखंड असताना ३७ किलोडाल्टन. त्याचं कामाचं टोक प्रोटीनेज-३ कापतं, फुप्फुसाच्या स्रावात इलास्टेजही कापतं, आणि ३३ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. गंमत अशी की आवरणारं प्रथिन आणि त्याला कापणारं एन्झाइम एकाच पेशीने पोटात बाळगलेलं असतं.

प्रोग्रॅन्युलिनची कथा त्याहून विलक्षण. अखंड रेणू दाह शमवतो. त्याचे तुकडे झाले की तेच तुकडे दाह वाढवतात. २००२ मध्ये दाखवलं गेलं की इलास्टेज हे तुकडे पाडतं आणि मघाचं एसएलपीआय प्रोग्रॅन्युलिनला चिकटून त्याचं रक्षण करतं. २००८ मध्ये प्रोटीनेज-३ आणि इलास्टेज ह्या दोघांचाही हात स्पष्ट झाला. हे निबंध आम्ही शुक्रवारच्या वाचनात घेतले होते. त्या दुपारी एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग ह्याला शामक म्हणायचं की दाहक?" मी म्हटलं, प्रथिनाच्या नावावरून नको ठरवूस, त्याच्या स्थितीवरून ठरव. तिला उत्तर पटलं की नाही कोण जाणे, मला मात्र पटलं.

त्या सुमारास आमच्या बोलण्यात इलास्टेज म्हणजे खलनायक असं होऊन बसलं होतं. सगळे निधी-प्रस्ताव, सगळ्या स्लाइड त्याच सुरात. हा सूर मोडला एका शाळकरी मुलाने. एका दंतमहाविद्यालयातल्या डॉक्टरांनी त्याला पाठवलं होतं. दुधाचे दात वेळेवर येऊन लवकर गळाले होते, पक्के दातही हलत होते, तळहात-तळपायांची कातडी जाड आणि भेगाळलेली. आईवडील मामे-आते भावंडं. हा पॅपिलॉन-लेफेव्र विकार. ह्या नावाच्या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये तो नोंदवला आणि १९९९ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. कॅथेप्सिन-सी नावाचं एन्झाइम नसतं. अस्थिमज्जेत इलास्टेज आणि त्याच्या भावंडांना कामाजोगं करणारं तेच, त्यामुळे ती सगळीच निकामी राहतात.

त्या मुलाच्या न्यूट्रोफिल आम्ही वेगळ्या केल्या आणि तो पिवळा रंग यायची वाट पाहत बसलो. रंग आला नाही. आमच्या तर्काप्रमाणे हा मुलगा सुखी असायला हवा होता, त्याच्या शामक प्रथिनांना कापणारं कुणी नव्हतं. आणि त्याच्या हिरड्या कुजत होत्या. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तो शाळेत जात होता, खेळत होता, सततच्या जंतुसंसर्गाने अंथरुणाला खिळलेला नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि आमच्या खलनायकी गोष्टीत त्यांपैकी एकही बसत नव्हती.

त्यानंतर मी हे प्रकरण वेगळ्या क्रमाने सांगू लागले. जंतू शिरला की सुरुवातीला दाह वाढायलाच हवा. तेव्हा ॲनेक्सिन, प्रोग्रॅन्युलिन कापलं जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही, ते नियमनच आहे. पुढे न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, नव्याने आलेली शामक प्रथिनं अखंड राहू लागतात आणि दाह ओसरतो. बिघडतं ते हा दुसरा अंक सुरूच होत नाही तेव्हा. सैल पडलेल्या नळीत कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, न्यूट्रोफिल येतात. इलास्टेज नळीच्या अस्तरातल्या पेशींना इंटरल्युकिन-८ सोडायला लावतं आणि त्यामुळे आणखी न्यूट्रोफिल येतात. लंडनच्या पीटर कोल यांनी १९८६ मध्येच ह्या आजाराला दुष्टचक्र म्हटलं होतं. आम्ही त्या चक्राचा एक आरा मोजत होतो.

ह्या समजुतीची परीक्षा औषधांत होते आणि तिथला अनुभव नम्र करणारा आहे. इलास्टेजला थेट रोखणारं सिव्हेलेस्टॅट जपानमध्ये मंजूर झालं. फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांवर जपानबाहेर झालेली मोठी चाचणी मात्र मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्यांत १८० दिवसांपर्यंतचे मृत्यू जास्त निघाले. बाहेर सांडलेल्या एन्झाइमच्या मागे धावणं सोपं नाही. दुसरा रस्ता पॅपिलॉन-लेफेव्रच्या मुलांनी दाखवला. कॅथेप्सिन-सी पूर्ण बंद न पाडता थोडं आवरलं, तर न्यूट्रोफिल मज्जेतूनच कमी एन्झाइम घेऊन निघतील. ह्या कल्पनेवर बेतलेल्या ब्रेन्सोकॅटिब गोळीला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्राँकिएक्टेसिससाठी मान्यता मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला त्या मुलाचे तळहात आठवले. चाचण्यांत हिरड्या आणि कातडी यांवर लक्ष ठेवलं गेलं होतं, तेही त्याच्यासारख्यांमुळेच.

करोनाच्या दिवसांत नातेवाइकांचे फोन यायचे, "तू पांढऱ्या पेशींवर काम करतेस ना, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" काढे उकळत होते, गोळ्या चालू होत्या. मी सांगायची, वाढवणं अवघड नाही, वेळेवर थांबवणं अवघड आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. म्हणजे तिथे जीव वाचवला तो दाह आवरणाऱ्या स्वस्त, जुन्या औषधाने. फोनवरच्या कुणालाही हे फारसं आवडलं नाही, काढ्याची कृती सांगितली असती तर अधिक आवडलं असतं.

इतक्या वर्षांत माझ्या हातून एखादं औषध निघालं नाही, आणि त्याची खंत आहे असं म्हटलं तर ते पूर्ण खरं ठरणार नाही. आमच्यासारख्या प्रयोगशाळा मोठ्या गोष्टीतला एखादा पट्टा नीट वाचतात. मला जास्त बोचतं ते वेगळं आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं, की कफातलं इलास्टेज जितकं जास्त तितका आजार वरचेवर उसळतो आणि प्रतिजैविकं दिल्यावर ते खाली येतं. साचलेला कफ रोज काढून टाकायचे श्वासाचे व्यायामही आहेत. म्हणजे नव्या महागड्या गोळीची वाट न पाहता करता येण्याजोगं बरंच आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना कफ कसा काढायचा हे कुणी शिकवलेलंच नव्हतं, कारण सरकारी कागदावर ती बरी झालेली माणसं होती. टीबीच्या औषधांचा कोर्स संपला, थुंकी निगेटिव्ह आली, नाव यादीतून गेलं.

जेलवरच्या त्या पट्ट्याने शिकवलेली गोष्ट इथेही लागू पडते. निगेटिव्ह थुंकीचा रिपोर्ट जंतू गेले एवढंच सांगतो, फुप्फुस चालतंय का हे सांगत नाही. टीबीचा उपचार संपलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा स्पायरोमेट्री व्हावी, कफ रोज येतो का आणि कोणत्या रंगाचा हे विचारलं जावं, कफ काढायचा व्यायाम तालुक्याच्या ठिकाणी शिकवला जावा. ह्यासाठी माझ्या प्रयोगशाळेतलं एकही यंत्र लागत नाही.